पिठीसाखर दळताना स्फोट टाळायचा तर

दळणाच्या खोलीत शिरलात की आधी वर बघा. जमीन रोज झाडली जाते, ती स्वच्छ असतेच. छताचे गर्डर, केबल ट्रे, ट्यूबलाइटच्या पट्टीची वरची बाजू, सायक्लोनचा (हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या भांड्याचा) खांदा, पॅनेलचा माथा या जागी शिडी लावून बोट फिरवा. बोटाची रेघ ठळक उमटली आणि धुळीखालचा रंग ओळखता येत नसेल, तर स्फोटाला लागणारा माल खोलीत आधीच रचून ठेवला आहे असं समजा.

बेकरी, मिठाई आणि बिस्किटांच्या धंद्याला पिठीसाखर पुरवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी हे लिहिलं आहे. कारखान्याची एस-३० किंवा एम-३० प्रतीची दाणेदार साखर ५० किलोच्या पोत्यांतून आणायची, पल्व्हरायझरवर दळायची, चाळायची, पुन्हा भरायची असं काम. साखर कारखान्याच्या शुगर हाउसमध्ये एलिव्हेटर (साखर वर नेणारा बादल्यांचा पट्टा) आणि ग्रेडर (दाण्यांची प्रत वेगळी करणारी चाळणी) यांच्यापाशी जी धूळ उडते तिलाही हेच लागू आहे. हळद, मिरची, स्टार्च, दूध पावडर दळणाऱ्यांनी आकडे बदलून हेच वापरावं. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची भुकटी मात्र वेगळी जात आहे. ती कितीतरी जोराने उडते आणि तिच्यावर पाणी चालत नाही. तिच्यासाठी या लेखावर विसंबू नका.

साखर उडते कशी

साखरेच्या ढिगाला काडी लावली तर तो वितळतो, काळा पडतो, भडकत नाही. तीच साखर पिठासारखी बारीक झाली आणि हवेत तरंगली की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि ज्वाळा एका कणावरून दुसऱ्यावर उडी मारत जाते. यासाठी पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात: जळणारी धूळ, हवा, ठिणगी किंवा तापलेला पृष्ठभाग, धुळीचा ढग आणि त्या ढगाला कोंडून धरणारी जागा. कोंडणारी जागा नसेल तर नुसता भडका उडतो. माणसाला भाजायला तोही पुरतो.

बारीक साखरेच्या धुळीचा बंद भांड्यात साधारण ८.५ बारपर्यंत दाब चढतो. स्फोटाचा वेग सांगणारा केएसटी हा आकडा १३८ च्या आसपास येतो. २०० पर्यंतच्या धुळीला एसटी-१, त्यावर ३०० पर्यंत एसटी-२ आणि त्याहून जास्त असेल तर एसटी-३ म्हणतात. एसटी-१ ऐकून हायसं वाटून घेऊ नका. पत्र्याच्या साध्या बॅग फिल्टरचा (कापडी पिशव्यांनी हवेतली धूळ गाळणाऱ्या यंत्राचा) खोका एका बारच्या काही दशांशातच फाटतो, आणि इथे बोलणं ८ बारचं चाललं आहे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिठीसाखरेत थोडा मक्याचा स्टार्च घालतात. त्याचा केएसटी २०० च्या घरात जातो, त्यामुळे स्टार्च मिसळण्याची जागा साखरेच्या जागेपेक्षा जास्त जपायला हवी.

आता गर्डरवरच्या धुळीचा हिशोब. पिठीसाखरेची सैल घनता घनमीटरला सुमारे ५०० किलो धरा. १ मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. ५ मीटर उंच खोलीत तो सारखा उधळला तर घनमीटरला १०० ग्रॅम धूळ होते, म्हणजे पेटण्याजोगा ढग. १० बाय ८ मीटरच्या खोलीत ही सगळी मिळून ४० किलो साखर झाली, एका पोत्याहूनही कमी. धूळ खोलीभर सारखी पसरायचीही गरज नाही. एका कोपऱ्यात दाट ढग झाला तरी पुरे. ढोबळ नियम असा की यू-पिनच्या तारेइतका, सुमारे ०.८ मिलिमीटर थर जमिनीच्या ५ टक्के क्षेत्राइतक्या जागेवर दिसला तर काम थांबवून सफाई करायची.

माणसं जिथे वावरतात तिथल्या हवेत इतकी धूळ एरवी नसते. कोळशाच्या धुळीचा जुना ठोकताळा आहे: घनमीटरला ४० ग्रॅम धूळ असेल तर २ मीटरवरचा २५ वॉटचा दिवा दिसेनासा होतो. अशा हवेत कुणी श्वाससुद्धा घेऊ शकणार नाही. पण पल्व्हरायझर, बकेट एलिव्हेटर, बिन (माल साठवायची टाकी) आणि बॅग फिल्टर यांच्या पोटात असा ढग रोजचाच. म्हणून पहिला स्फोट बहुधा यंत्राच्या आत होतो आणि लहान असतो. त्याच्या धक्क्याने गर्डरवरची धूळ खाली येते, मागून येणारी ज्वाळा तिला पेटवते आणि दुसरा स्फोट सगळी शेड घेऊन जातो. माणसं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या स्फोटात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथे इंपीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी हेच झालं. १४ जण गेले, ३६ जखमी झाले. सायलोखालून (साखर साठवायच्या उंच टाक्यांखालून) जाणाऱ्या कन्व्हेयरवर कचरा पडू नये म्हणून २००७ मध्ये त्याला स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांनी बंद केलं होतं. उद्देश चांगला होता, पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नाही आणि दाब बाहेर सोडणारी झडपही बसवली नाही. साखरेच्या गुठळ्या अडकल्या, साखर सांडत गेली, धूळ बंद पेटीत दाटली आणि बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. पुढचं काम पॅकिंगच्या इमारतींत साचलेल्या धुळीने केलं. यातून एक गोष्ट पक्की धरा: यंत्राला झाकण घालायचं असेल तर त्याच कामात सक्शन आणि व्हेंटही (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं तोंड) बसवायचं. तीनही जमत नसेल तर झाकण नको.

धूळ बाहेर येऊ नये

सफाईपेक्षा गळती बंद करणं स्वस्त पडतं, म्हणून तिथून सुरुवात करा. पोतं रिकामं करायच्या हॉपरवर तीन बाजूंनी आडोसा आणि मागून सक्शन हवं. चाळणीला जोडलेली कापडी बाही दर आठवड्याला उजेडासमोर धरून बघा, सुईएवढं भोक दिसलं तरी बदला. एलिव्हेटरच्या दरवाजांचे गॅस्केट, मिलच्या शाफ्टचे सील आणि पोती भरायच्या नळीचं तोंड या तीन जागा सर्वात जास्त गळतात. यंत्र चालू असताना सांध्यावर काळा कागद धरा, पाच मिनिटांत तो पांढरा झाला तर सांधा गळतो आहे.

धूळ ओढणाऱ्या डक्टमध्ये हवेचा वेग १८ ते २० मीटर प्रतिसेकंद राहायला हवा. वेग कमी पडला की धूळ डक्टमध्येच बसते, वरून काही दिसत नाही आणि स्फोटाच्या वेळी तो डक्ट वातीसारखा पेटतो. नव्या यंत्रासाठी जुन्याच डक्टला आणखी एक फाटा काढणं ही नेहमीची चूक. फॅन तोच राहतो, हवा वाटली जाते आणि सगळ्याच फाट्यांतला वेग पडतो. फाटा जोडण्याआधी आणि नंतर वेग मोजा. आडव्या डक्टला ठरावीक अंतरावर तपासणीची झाकणं ठेवा. डक्टवर हातोडीने टकटक करून बद्द आवाज आला तर आत माल बसला आहे. हे मात्र यंत्र बंद असतानाच करायचं.

साचलेली धूळ

कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून सफाई करायची सवय आधी मोडा. त्या फुंकरीने गर्डरवरची धूळ ढग होऊन खोलीभर फिरते, म्हणजे टाळायचं तेच आपण हाताने घडवतो. शिवाय ती दुसऱ्या गर्डरवर जाऊन बसते, जात कुठेच नाही. धूळ ओढूनच काढायची. त्यासाठी धुळीच्या जागेसाठी प्रमाणित व्हॅक्यूम आणि अर्थ केलेला विद्युतवाहक होज हवा. घरगुती व्हॅक्यूममध्ये धूळ मोटरच्या ब्रशपाशी जाते, तो इथे चालणार नाही. एखाद्या खाचेत व्हॅक्यूम पोचतच नसेल, तर आधी होईल तेवढं ओढून घ्या, यंत्रं आणि वीज बंद करा, गरम पृष्ठभाग थंड होऊ द्या आणि मग १ बारच्या आत दाब ठेवून फुंका.

साखरेची एक सोय आहे, ती पाण्यात विरघळते. गर्डर आणि भिंती ओल्या फडक्याने पुसता येतात. पण वीज बंद करूनच पुसा आणि पूर्ण सुकू द्या, नाहीतर ओलसर साखरेचा चिकट थर बसतो आणि पुढची धूळ त्याला धरून राहते. वरच्या सफाईचं वेळापत्रक दिवसांवर बांधू नका, थराच्या जाडीवर बांधा. सुरुवातीला दर आठवड्याला बघा. थर किती दिवसांत किती चढतो ते महिनाभरात कळतं. गर्डरच्या आडव्या पाकळीवर उतरता पत्रा बसवला तर धूळ टिकत नाही आणि निम्मं काम वाचतं.

बॅग फिल्टर

या धंद्यात सर्वात धोक्याचं भांडं हेच. बारीक धूळ, भरपूर हवा आणि पल्स जेटच्या (पिशव्या झटकणाऱ्या हवेच्या झोताच्या) प्रत्येक ठोक्याला नवा ढग, सगळं एकाच खोक्यात. त्यामुळे फिल्टर शेडबाहेर, मोकळ्या बाजूला ठेवा. त्याला स्फोट व्हेंट हवं, साधारण ०.१ बारला फाटणारं. व्हेंटचं क्षेत्रफळ फिल्टरचं आकारमान, त्याची ताकद आणि तुमच्या धुळीचा केएसटी यांवरून काढतात. वेल्डरला सांगून अंदाजाने खिडकी कापून घेऊ नका. त्यासाठी धुळीची चाचणी करून घ्या, आणि नमुना विक्रीच्या मालाचा नको, फिल्टरमधून काढलेल्या धुळीचा द्या. ती जास्त बारीक आणि कोरडी असते, त्यामुळे आकडा खरा येतो.

व्हेंटचं तोंड रस्ता, जिना, पार्किंग किंवा चहाच्या टपरीकडे नको. त्यातून नुसता दाब येत नाही, फिल्टरच्या आकारापेक्षा कितीतरी मोठा ज्वाळेचा गोळा बाहेर पडतो. समोरची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखा आणि तिथे पोत्यांची थप्पी लागू देऊ नका. पाऊस गळतो म्हणून व्हेंटवर पत्रा ठोकलेला दिसला तर तो त्याच दिवशी काढा. फिल्टर आतच ठेवावा लागत असेल तर ज्वाळा अडवणारं व्हेंट किंवा स्फोट दाबणारी यंत्रणा लागते, आणि त्यासाठी जाणकार अभियंता लागतो.

दुसरं काम अलगीकरणाचं. फिल्टरमधली ज्वाळा डक्टमधून उलटी मिलकडे येऊ नये म्हणून आत येणाऱ्या डक्टवर उलट दाबाने बंद होणारी फ्लॅप झडप, आणि खालच्या तोंडाला रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या पात्यांनी माल सोडणारी झडप) बसवा. रोटरी व्हॉल्व्हची पाती झिजून फट मोठी झाली की तो माल सोडायचं काम करतो, पण ज्वाळा अडवत नाही. फट मोजण्याची तारीख लिहून ठेवा.

ठिणगी कुठून येते

पोत्यातून साखरेसोबत काय काय येतं ते चुंबकावर पाहायला मिळतं: पोती शिवायच्या मशीनच्या तुटलेल्या सुया, वायसर, खिळे, कधी नटबोल्ट. ४०० मिलिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो तेव्हा हातोड्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर असतो. धातूच्या घासण्याचा वेग १ मीटरच्या आत असेल तर भीती नाही, १० मीटरच्या पुढे ठिणगीचा धोका खरा. म्हणून मिलच्या आधी जाळी आणि जोरदार चुंबक दोन्ही हवेत. चुंबक दर शिफ्टला पुसायचा आणि त्यावर काय सापडलं ते वहीत लिहायचं. चुंबकावर माल चढून जाड थर झाला की पुढची सुई सरळ निघून जाते. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच वस्तू चुंबक पकडत नाही, त्या जाळीनेच अडवायच्या.

बेअरिंग यंत्राच्या पोटात नको, बाहेर हवं. इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक शिफ्टला तेच बेअरिंग त्याच खुणेवर मोजा. आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. रोज ५५ अंश दाखवणारं बेअरिंग एका दिवशी ७० दाखवू लागलं तर ते आजच उघडायचं, रविवारपर्यंत ठेवायचं नाही. ग्रीस जास्त भरलं तरी बेअरिंग तापतं. एलिव्हेटरच्या बेल्टला वेग मोजणारा स्विच लावा. वेग ८० टक्क्यांवर आला की एलिव्हेटर आणि त्याच्याकडे माल टाकणारं यंत्र दोन्ही बंद पडली पाहिजेत. एलिव्हेटरच्या तुंबलेल्या तळपेटीत पुली फिरत राहते, बेल्ट घासून जळतो आणि तो जळता तुकडा वर बिनमध्ये जातो.

विजेचं सामान शक्यतो खोलीबाहेर काढा. पॅनेल, स्टार्टर, चार्जिंगचे बोर्ड, सगळं भिंतीपलीकडे. आत राहतील त्या मोटरी आणि दिवे धुळीच्या झोनप्रमाणे प्रमाणित हवेत: यंत्राच्या पोटात झोन २०, नेहमी धूळ उडते तिथे २१, क्वचित उडते तिथे २२. साखर विद्युतवाहक नसल्याने विजेचं सामान निवडताना तिच्या धुळीचा गट तीन-बी. पृष्ठभागाचं तापमान धुळीचा ढग पेटण्याच्या तापमानाच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवायचं, आणि ५ मिलिमीटर थर पेटण्याच्या तापमानापेक्षा ७५ अंशांनी कमी. दोन्हीत जो आकडा लहान तो धरा. मोटरवर धूळ बसली की तिला वारा लागत नाही आणि हा हिशोब कोलमडतो, म्हणून मोटरच्या पंख्याची जाळी रोज साफ हवी.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. ती जरूर व्हावी, पण आदल्या दिवशी खोली पूर्ण साफ करून, यंत्रं बंद ठेवून, आणि निरांजन, कापूर, उदबत्ती दाराबाहेरच्या चौरंगावर ठेवून. यंत्राला हळदकुंकू आणि फूल वाहायला ज्योत लागत नाही.

स्थिर वीज

हा भाग बहुतेक ठिकाणी निम्माच केलेला असतो. मोटरला अर्थिंग असतं, पण डक्टचा मधला तुकडा दोन रबरी गॅस्केटांमध्ये लटकत असतो. साखर घासत गेली की त्या तुकड्यावर भार साचतो. २०० पिकोफॅरड धारितेचा (भार साठवण्याच्या क्षमतेचा) तुकडा २० किलोव्होल्टपर्यंत चढला तर त्याच्या ठिणगीत ४० मिलिज्यूल ऊर्जा असते. बारीक साखरेच्या ढगाला साधारण ३० पुरतात. अर्थिंग नसलेला पिंप, बाहीची लोखंडी कडी, फिल्टरमधला पिशवीचा पिंजरा हे सगळे असेच लपलेले कपॅसिटर आहेत.

करायचं ते असं. प्रत्येक फ्लँजवरून आणि प्रत्येक कापडी बाहीवरून तांब्याची वेणीदार जंपर पट्टी टाका. जोडाखालचा रंग घासून काढा, रंगावर कसलेला बोल्ट वीज नेत नाही. मग मल्टिमीटरने प्रत्येक धातूच्या तुकड्यापासून अर्थ पट्टीपर्यंत रोध मोजा. १० ओहमच्या आत आला पाहिजे. सफाईसाठी बाही काढली की परत लावताना जंपर लोंबकळत राहतो, म्हणून मोजणी दर मोठ्या सफाईनंतर. पीव्हीसीचा पाइप धूळ ओढायला वापरू नका, त्याला अर्थ करताच येत नाही. फिल्टरच्या पिशव्या अँटिस्टॅटिक धाग्याच्या घ्या.

जंबो बॅगची (माल भरायच्या मोठ्या कापडी पिशवीची) स्थिर विजेच्या दृष्टीने जात बघून घ्या. ए जातीची साधी बॅग इथे नको. बी चालते, पण भोवती ज्वलनशील वाफ नसेल तरच. सी जातीची बॅग अर्थ क्लिप लावल्याशिवाय भरायची नाही, क्लिप विसरली तर ती साध्या बॅगेपेक्षा घातक ठरते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत भार जास्त टिकतो, त्या दिवसांत ही तपासणी दुप्पट करा.

वेल्डिंग आणि कटिंग

परवान्याच्या कागदावर सही होण्याआधी सुपरवायझरने जागेवर जाऊन पाहायचं. यंत्रं बंद आणि कुलूपबंद, कामाच्या चारी बाजूंना ११ मीटरपर्यंत धूळ साफ, गर्डरसकट. डक्टवर काम असेल तर तो तुकडा सोडवून बाहेर आणा, उरलेल्या दोन्ही तोंडांना पत्रा लावा. ठिणग्या चाळणीच्या मजल्याच्या भोकांतून खाली जातात, म्हणून खालच्या मजल्यावरही माणूस उभा हवा. काम संपल्यावर निदान तासभर पहारा ठेवा.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीबद्दल हाच क्रम दिला होता: यंत्र बंदिस्त करा, धूळ काढा किंवा साचू देऊ नका, ठिणगीचं प्रत्येक कारण दूर ठेवा. यंत्र दाब सोसणारं नसेल तर व्हेंट किंवा अडथळे लावून स्फोट पसरू देऊ नका, हेही त्यात होतं.

फिल्टरमधून जळका वास आला तर

दार उघडून आत बघायचा मोह होतो. तेच करायचं नाही. दार उघडलं की ताजी हवा आत जाते, धूळ हलते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर भडका येतो. क्रम असा: माल टाकणं थांबवा, मिल आणि फॅन बंद करा, पल्स जेट बंद करा कारण प्रत्येक ठोका नवा ढग करतो. व्हेंटसमोरची आणि दळणाच्या खोलीतली सगळी माणसं बाहेर काढा, हजेरी घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि आत साखरेची बारीक धूळ आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. फिल्टरला पाण्याच्या फवाऱ्याची नळी आधीच जोडलेली असेल तर बाहेरून ती सोडा. धुळीच्या उघड्या थराला आग लागली असेल तर पाण्याची जोरदार धार मारू नका, पावडरचं सिलिंडरही जवळून सोडू नका. दोन्हींच्या झोताने धूळ उडते. लांबून, धुक्यासारखा हलका फवारा कडेकडेने आत न्यायचा. आग विझल्यासारखी दिसली तरी बाहेरचा पत्रा हाताला गार लागेपर्यंत आणि अग्निशमन दलाने सांगेपर्यंत दार उघडायचं नाही, आणि फॅन पुन्हा सुरू करायचा नाही.